उलटी उचल देऊ नका : इंटरनेटवरून उपजीविकेचा आरंभ

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसते आणि अनेक मुलांचे शाळेचे अर्धे वर्ष उसाच्या फडात जाते. हे चक्र मोडावयाचे तर गावात राहून करता येईल असा रोजगार हवा. इंटरनेट हा त्यातील एक मार्ग होय. परंतु त्याविषयी आपल्या तरुणांत आशा फार आणि माहिती थोडी, असे आम्हास दिसते. म्हणून हा पाठ.

१. पैसे कोण देतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. इंटरनेट कोणालाही पैसे देत नाही. पैसे देतो तो माणूस, ज्याचे काही काम अडलेले असते. इंटरनेट म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता. आठवडी बाजाराला रस्ता चांगला झाला म्हणून रिकामी पाटी घेऊन बसणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. पाटीत माल हवा. येथे माल म्हणजे आपल्या अंगचे कौशल्य.

२. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण

आष्टी तालुक्यातील सांगवी पाटण येथील दादासाहेब भगत यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पुण्यात इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात ते महिना ९,००० रुपयांवर सेवकाचे काम करीत. संगणकावर काम करणाऱ्यांना पाहून त्यांनी चौकशी केली आणि नोकरी सांभाळून ग्राफिक डिझाइन व अ‍ॅनिमेशनचे शिक्षण घेतले. पुढे तयार नमुने, म्हणजे टेम्प्लेट, बनवून इंटरनेटवरून विकणे हा त्यांचा व्यवसाय झाला. एकदा बनविलेला नमुना अनेकांना विकता येतो, हे त्यातील मर्म.

२०२० साली टाळेबंदीत ते गावी परतले. गावात नेटवर्क नीट मिळेना, तेव्हा टेकडीवर जेथे ते मिळाले तेथील गुरांच्या गोठ्यात त्यांनी काम मांडले आणि गावच्या तरुणांनाही शिकविले. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांच्या ‘डूग्राफिक्स’ला अमन गुप्ता यांनी १० टक्के भागाच्या बदल्यात १ कोटी रुपये देऊ केले.

विद्यार्थ्यांनी यातील कोटीचा आकडा नव्हे, तर क्रम लक्षात ठेवावा : आधी चौकशी, मग शिक्षण, मग काम, आणि शेवटी पैसा.

३. आरंभ कसा करावा?

(अ) एकच कौशल्य निवडा. भित्तीपत्रके व लग्नपत्रिकांची मांडणी, चित्रफितींचे संपादन, दुकानदारांचे हिशेब संगणकावर ठेवणे, भाषांतर, शिकवणी, यांपैकी जे आवडेल ते घ्या. नुसत्या टंकलेखनावर मात्र विसंबू नका. ते काम आता यंत्रे करू लागली आहेत. यंत्राने केलेले मराठी तपासून शुद्ध करणारा माणूस अजून लागतो. म्हणून मराठी व्याकरण पक्के करा आणि युनिकोड टंकलेखन शिका.

(आ) शिकण्यास पैसा अडू देऊ नका. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ वर अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. लिब्रेऑफिस, इंकस्केप, ब्लेंडर ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत. धडे मोबाइलवर ऐकता येतील, परंतु सरावास संगणक हवाच.

(इ) ओळखीच्या लोकांसाठी पाच-सहा कामे उत्तम करून त्यांचे नमुने जपून ठेवा. इंटरनेटवर प्रमाणपत्राआधी नमुना पाहिला जातो.

(ई) पहिले गिऱ्हाईक जवळच शोधा. अंबाजोगाई, माजलगाव, परळी येथील दुकाने, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालये यांना अशी कामे लागतात. अनुभव आल्यावर अपवर्क, फायव्हरसारख्या ठिकाणी नाव नोंदवावे. तेथे कमिशन कापले जाते, ते धरूनच दर सांगावा.

(उ) काम, मुदत व मोबदला आधी लेखी ठरवा. अनोळखी गिऱ्हाइकाकडून काही रक्कम आगाऊ घ्या. पॅन कार्ड व स्वतःच्या नावाचे बँक खाते असू द्या, आणि रोजचा जमाखर्च वहीत लिहा.

४. उलटी उचल

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याने ‘घरबसल्या टायपिंग’ची जाहिरात पाहून नोंदणी फी भरली. पाने टाइप करून पाठविली, तर चुका दाखवून मजुरी नाकारली आणि वर दंड मागून कोर्टाची धमकी दिली. घाबरून त्याने उसने काढून आणखी पैसे भरले. दुसरा प्रकार ‘टास्क’चा. प्रथम शंभर-दोनशे रुपये खात्यात येतात, विश्वास बसतो, मग मोठी रक्कम भरावयास लावतात आणि ती बुडते.

विचार करा. मुकादम निदान कामाआधी मजुराला पैसे देतो. येथे मजुरानेच कामाआधी मालकाला पैसे द्यावयाचे! ही उलटी उचल होय. म्हणून नियम पाठ करा : काम मिळविण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते. पैसे स्वीकारताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. आपले खाते कोणालाही भाड्याने वापरावयास देऊ नका. त्यातून चोरीचा पैसा फिरला तर खातेदार म्हणून पोलिस प्रथम आपल्यालाच विचारतील. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली, तिच्यात असली कमाई बसत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न राहता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर कमी, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

५. आपले कर्तव्य

एकट्या मुलाला संगणक घेणे परवडत नाही, परंतु दहा घरांना मिळून परवडते. सभासदांनी संस्थेच्या वाचनालयात एक संगणक व इंटरनेट जोडणी द्यावी, मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, आणि विद्यार्थ्यांनी रोज एक तास याप्रमाणे सहा महिने नेमाने सराव करावा, अशी आमची विनंती आहे. पुढच्या हंगामात जिल्ह्यातील सगळे कोयते थांबणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु एका घराचा जरी थांबला, तरी त्या घरातील मूल दिवाळीनंतरही शाळेत दिसेल.

स्वाध्याय : (१) आपल्या गावातील कोणत्या तीन व्यक्तींचे काम आपण संगणकावर करून देऊ शकाल? (२) मोबाइलवर आलेली नोकरीची एखादी जाहिरात घ्या आणि ती पैसे देते की मागते, ते तपासा.