खेळाडूची नाडी आणि आकड्यांची पारख

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या वेळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. रोग्याची लक्षणे, त्यावरील उपचार आणि डोळ्याचे चित्र असे त्यांचे स्वरूप आहे. प्रत्येक रोग्याची नोंद स्वतंत्र ठेवण्याची ही शिस्त विद्यार्थ्याने अंगी बाणवावी, कारण नोंद नेटकी असेल तरच तिची पारख करता येते. ती कशी करावी, हे एका क्रीडाविषयक प्रयोगाच्या आधारे पाहू.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या नगरात उन्हाळ्याची दुपार फार उष्ण असते. व्यायाम करताना स्नायूंना अधिक रक्त लागते. त्याच वेळी शरीर निववण्यासाठी त्वचेकडेही अधिक रक्त जावे लागते. ही दोन्ही कामे पार पाडताना हृदयाची गती वाढते. हवा दमट असल्यास घाम लवकर वाळत नाही आणि हा भार आणखी वाढतो. म्हणून आपला प्रश्न असा : तोच व्यायाम सकाळी व दुपारी केल्यास विश्रांतीनंतरच्या नाडीत फरक पडतो काय?

समजा, शिक्षकांच्या देखरेखीखाली सहा विद्यार्थ्यांनी एके दिवशी सकाळी सात वाजता व दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, सावलीत, एकाच बाकावर तीन मिनिटे ठरावीक तालाने चढउतार केली. थांबल्यावर एक मिनिटाने प्रत्येकाची नाडी अर्धा मिनिट मोजली. ठोक्यांचे पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

विद्यार्थी : क, ख, ग, घ, च, छ
सकाळी : ४८, ५२, ५०, ५५, ४७, ५४
दुपारी : ५२, ५५, ५३, ५९, ४९, ६८

सकाळची सरासरी ५१ व दुपारची ५६ येते, फरक ५. येथेच थांबून ‘दुपारी पाच ठोके वाढतात’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. सकाळीच च आणि घ यांच्यात ८ ठोक्यांचे अंतर आहे. म्हणजे माणसामाणसांतील भेद आपण शोधत असलेल्या फरकाहून मोठा आहे. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी. तसे केल्यास वाढ अनुक्रमे ४, ३, ३, ४, २ आणि १४ अशी दिसते. पाच जणांची वाढ २ ते ४ या मर्यादेत आहे; एकट्या छने सरासरी वर ओढली आहे. त्याला वगळल्यास सरासरी वाढ ३.२ उरते. वाढीचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोहोंची सरासरी घेतल्यास ३.५ येते. या मध्यकावर एकट्यादुकट्या टोकाच्या आकड्याचा परिणाम फारसा होत नाही.

मग छचा आकडा खोडून टाकावा काय? गैरसोयीचा म्हणून कदापि नाही. प्रथम निरीक्षणवही पाहावी. तो धावत आला होता काय? मोजणाऱ्याचा हिशेब चुकला काय? तसे कारण नोंदलेले असेल, तर ते सांगून आकडा बाजूला ठेवावा. कारण नसेल, तर त्याच्यासह व त्याच्याविना अशी दोन्ही उत्तरे द्यावीत. आणि हे विसरू नये की तो आकडा एका मुलाचा आहे. मोजणी बरोबर असेल, तर त्याला विश्रांतीची किंवा वैद्यकीय तपासणीची आवश्यकता असू शकेल. सरासरीत ही गोष्ट बुडून जाते.

मापनाच्या मर्यादाही ओळखाव्यात. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग यांच्या ४०० मीटर अंतिम धावेची वेळ हाती घड्याळाने ४५.६ सेकंद, तर विद्युत् यंत्राने ४५.७३ सेकंद नोंदली गेली. धाव एकच, आकडे दोन! आपल्या प्रयोगात अर्ध्या मिनिटात एक ठोका चुकल्यास मिनिटाच्या हिशेबात दोनची चूक होते; दहाच सेकंद मोजून सहाने गुणल्यास तीच चूक सहाची होते. हे ध्यानात घेता चची २ ठोक्यांची वाढ एकटी फारसे काही सिद्ध करीत नाही. परंतु सहाही जणांची नाडी वाढली, हे महत्त्वाचे. वाढ आणि घट निव्वळ योगायोगाने सारख्याच संभवत असत्या, तर सहाही वेळा वाढच होण्याची शक्यता ६४ मध्ये १ एवढीच असती.

तरीही वाढीचे कारण उष्णताच, असे ठरत नाही. सर्वांनी सकाळचा प्रयोग आधी केला. दुपारी पोटात जेवण होते, अंगात दिवसाचा शीण होता. म्हणून पुढील खेपेस निम्म्यांनी दुपारपासून आरंभ करावा, जेवणानंतरचा काळ समान ठेवावा आणि तापमान व आर्द्रता लिहून ठेवावी. तूर्त निष्कर्ष इतकाच : या सहा विद्यार्थ्यांची नाडी दुपारच्या प्रयोगात अधिक आढळली, बहुतेकांची वाढ २ ते ४ ठोके होती. सरावाची वेळ बदलण्यापूर्वी मुख्याध्यापकांपुढे ठेवण्यास एवढे विधान छोटे, पण विश्वसनीय आहे.

स्वाध्याय : (१) छला वगळून दोन्ही वेळांच्या सरासऱ्या काढा. (२) चची दुपारची नाडी ४६ असती, तर वरील निष्कर्षात कोणता शब्द बदलावा लागला असता?