जुनी इलेक्ट्रिक मोटार संस्थेला देताना

प्रश्न : चेन्नईत राहतो. वापरलेली इलेक्ट्रिक मोटार सेवाभावी संस्थेला द्यायची आहे. काय पाहावे?

उत्तर : आधी संस्थेला विचारावे, गाडी चार्ज कुठे करणार? अड्यारची कर्करोग संस्था 1954 पासून, मनोरुग्णांसाठीची 'द बॅनियन' ही संस्था 1993 पासून चेन्नईत काम करते आहे. अशा ठिकाणी रुग्णांची ने-आण नेहमीचीच. पण रात्रभर चार्जिंगची सोय नसेल, तर ही देणगी त्यांच्या गळ्यात लोढणे होईल.

मग बॅटरी. तिची क्षमता सर्व्हिस सेंटरमधून लेखी तपासून घ्यावी. डिसेंबर 2023 च्या मिचाँग वादळात वेलाचेरीसारखे भाग पाण्याखाली गेले होते. गाडी तेव्हा बुडाली असेल, तर पायाखालचे कार्पेट उचलले की गाळाची रेघ आणि सीटच्या बोल्टांवरचा गंज दिसतो. हे लपवू नये; पाणी शिरलेली बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते.

करसवलतीचे म्हणाल, तर वस्तुरूप देणगीला '80जी'ची वजावट नाही. ती हवी असेल तर गाडी विकून रक्कम धनादेशाने द्यावी.

फॉर्म 29 आणि 30 भरून आरसी संस्थेच्या नावावर करा, विमाही बदलून घ्या. तोपर्यंत चावी देऊ नका.