उपकार हा घेणाऱ्याचा शब्द

सातारा

चि. मुक्ता हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी घाईत होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला निघण्याआधी वहीत लिहायला ‘स्वयंसेवक’ आणि ‘मदत’ यांचे समानार्थी शब्द हवेत, म्हणालीस. चार शब्द सांगून मी तुझी बोळवण केली, आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र.

स्वयंसेवक म्हणजे आपणहून, स्वखुशीने कामाला उभा राहणारा. त्याच्या अगदी उलटा शब्द ‘वेठ’. तो संस्कृतातल्या ‘विष्टि’वरून आला, फारसीतून ‘बिगार’ आला आणि दोघांची जोडी जमली. वेठबिगारालाही मोबदला मिळत नसे. म्हणजे फुकट राबलं एवढ्यानं कोणी स्वयंसेवक होत नाही. मन राजी असावं लागतं. राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली, पण ‘वेठ मारणे’ भाषेत उरलंच: काम कसंबसं उरकून मोकळं होणं. तुला दोन वर्षांत २४० तास भरायचे आहेत. घड्याळाकडे बघत खोरं चालवलंस, तर वहीत सेवेची नोंद होईल आणि हातून वेठ मारली जाईल.

आता समानार्थी शब्द. मुक्ता, हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे पाहिलं की त्यांचे अर्थ उलगडतात. ‘उपकार’ घे. घेणारा म्हणाला, ‘तुमचे फार उपकार झाले,’ तर ती कृतज्ञता. तोच शब्द देणाऱ्याने उच्चारला की केलेलं सगळं पाण्यात. ‘खारीचा वाटा’ आपण आपल्याच कामाला म्हणावं. दुसऱ्याच्या कामाला म्हटलं तर त्याला कमी लेखल्यासारखं होतं. ‘हातभार’ मला फार आवडतो. भार ज्याचा त्याचाच, आपण फक्त हात लावायचा. ‘श्रमदान’ म्हणताना मात्र जपावं, कारण दान म्हटलं की देणाऱ्याची मान नकळत ताठ होते. पंढरीच्या वाटेवर कोणी वारकऱ्यांच्या तुटक्या चपला शिवून देतो, कोणी दाढी करून देतो, कोणी पाय चेपतो. त्यांना विचारलंस तर ‘मदत केली’ असं म्हणणार नाहीत. ‘सेवा घडली’ म्हणतील. केली नव्हे, घडली. त्या एका क्रियापदात ‘मी’ उरतच नाही.

आणि एक शब्द तुझ्या पुस्तकात बहुधा नसेल: इर्जिक. मी चौथीत होते. तुझे आजोबा पाय मोडून घरात पडून होते, मृग तोंडावर आला होता आणि रान कुळवायचं राहिलं होतं. एका सकाळी अकरा बैलजोड्या आपल्या शेतात उतरल्या. हीच इर्जिक. त्यांत एक जोडी शेजारच्या शेतकऱ्याची होती. त्याचं आणि आपलं बांधावरून भांडण, बोलणंसुद्धा बंद. त्याने कुळव धरला तो नेमका बांधाच्या कडेने, आणि बांधाचं एक ढेकूळही ढळू दिलं नाही. दुपारी आजीने भाकरी-झुणका वाढला, तेव्हा तो सगळ्यांबरोबर पंगतीला बसला. बांधाचा वाद पुढे चार वर्षं चालला. पण त्या दिवसाचा दाखला त्याने एकदाही तोंडावर फेकला नाही. निरपेक्ष या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात नाही, त्या बांधावर पाहिला.

इर्जिकीसारखाच दुसरा शब्द सावड. सावडीत मात्र आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, असा हिशेब असतो. त्यात कमीपणा काही नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात भातखाचरं अशीच एकमेकांच्या हातांनी घडली. तिथे त्याला पडकई म्हणतात. अशा कामात कोणी उपकारकर्ता नसतो, की कोणी उपकृत नसतो.

माझी चूकही सांगते, तुझ्या उपयोगी पडेल. तुझ्याच वयात मीही शिबिराला गेले होते. पाच दिवस राबून आम्ही शाळेची भिंत रंगवली, तिच्यावर सुविचार लिहिले. निघताना एक म्हातारी म्हणाली, ‘रंग चांगला दिला गं पोरींनो. तेवढी विहिरीची पायरी बसवली असती, तर माझा पाय घसरला नसता.’ तिच्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं. पाच दिवस आम्ही त्याच विहिरीचं पाणी प्यायलो, आणि ती पायरी आमच्यापैकी एकीनेही पाहिली नव्हती. आम्हाला जे द्यायचं होतं ते आम्ही दिलं. त्यांना काय हवं आहे, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

म्हणून सांगते, पोचल्यावर पहिल्या दिवशी खोऱ्याला हात लावू नकोस. बायकांबरोबर पाण्याला जा, जड हंडा उचलायला हात लाव, त्या काय बोलतात ते ऐक. मग कोणतं काम करायचं ते त्यांनाच ठरवू दे. काम झाल्यावर आभाराची वाट पाहू नकोस, आणि कोणी आभार मानले तर संकोचूही नकोस. ते मानण्याचा त्यांचा हक्क आहे.

आणि त्या गावात एकमेकांच्या कामाला धावून जाण्याला काय म्हणतात, तेवढं विचारून ये. माझ्या यादीत नसलेला शब्द निघाला, तर लगेच कळव.

तुझी,
आत्या