उपास कोणासाठी? गीता १७, श्लोक ५-६



आजचं वाचन: अध्याय १७, श्लोक ५ आणि ६. सोबत अध्याय ६, श्लोक १६-१७ पुन्हा एकदा वाचा.

भावार्थ

अर्जुनाने श्रद्धेबद्दल विचारलंय आणि भगवंत उत्तर देता देता एका विशिष्ट प्रकारच्या लोकांकडे वळतात. शास्त्राने सांगितलेलं नसताना, दंभ आणि अहंकारापोटी, कामनेच्या जोरावर जे घोर तप करतात, ते लोक. ते शरीरातल्या पंचभूतांना कष्टवतात आणि आत राहणाऱ्या मलाही कष्टवतात, असं भगवंत म्हणतात. अशा निश्चयाला ते आसुरी म्हणतात.

शब्द कडक आहे. पण 'मलाही' हा शब्द मला त्याहून जास्त लागतो. शरीराला उपाशी मारलं की आत बसलेला देवही उपाशी राहतो.

आजचं घोर तप

हे वाचताना काट्यांवर झोपलेला कोणी हठयोगी डोळ्यांसमोर येतो. मला मात्र माझी मावसबहीण आठवते. १९ वर्षांची, पुण्यात हॉस्टेलवर राहते. गेल्या वर्षी तिचे उपास वाढत गेले. आधी एकादशी, मग सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. घरात सगळे खूश, "पोरगी किती देवभोळी झाली!" मावशीच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. उपास सोडायच्या वेळीही ती जेवत नव्हती, आणि आरशासमोर उभी राहून दंड चिमटीत धरून बघायची. नंतर ती स्वतःच म्हणाली, "ताई, 'डाएट' म्हटलं की आई ओरडते. 'उपास' म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

ती खोटारडी नाही. तिच्या डोक्यात एक आकृती पक्की बसली होती आणि तिथपर्यंत पोचायला तिला देवाचं नाव सोयीचं पडलं, एवढंच.

ही आकृती येते कुठून?

फिजी बेटांचं उदाहरण बघा. तिथे भरलेलं, धडधाकट शरीर चांगलं मानायचे. कोणी वाळलं तर घरच्यांना काळजी वाटायची. १९९५ मध्ये तिथल्या नाड्रोगा भागात टीव्ही पोचला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांत शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या वेळी एकही नव्हत्या. तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. आपण फार जाड आहोत असं निदान अधूनमधून तरी वाटतं, असं ७४ टक्के मुलींनी सांगितलं. पाहणी लहान होती, दोन्ही वेळा साधारण ६५ मुलींची. पण मुलींनी स्वतःच मालिकांमधल्या नायिकांची नावं घेतली होती.

तेव्हा एक टीव्ही होता. आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून सांगते: फीडला तुमचं भलं-बुरं कळत नाही. तुम्ही कुठे थांबलात, किती सेकंद थांबलात, हे ती मोजते. सपाट पोटाच्या रीलवर तुम्ही जळून थांबलात की आवडीने, तिला फरक पडत नाही. ती तसंच आणखी दहा वेळा दाखवते. त्यात फिल्टर आणि एडिटिंग असतंच. म्हणजे जिच्याशी तुम्ही स्वतःची तुलना करताय, ती खऱ्या आयुष्यात स्वतःही तशी दिसत नाही.

रंगाचंही तेच. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आपल्याकडे आली आणि नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. एवढी वर्षं सावळ्या विठोबापुढे डोकं टेकवून घरी आल्यावर आपण गोरेपणाचं क्रीम लावत होतो!

उपाशीपणा मनाचं काय करतो

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. ते चिडचिडे, उदास झाले. दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. म्हणजे पोट रिकामं ठेवलं की मन अन्नातच अडकतं. मग नामात कसं बसणार? म्हणूनच सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो.

आणि सात्त्विक आहार म्हणजे नुसती काकडी नव्हे. सतराव्याच अध्यायात आठव्या श्लोकात भगवंत रसाळ, स्निग्ध, मनाला आवडणारा आहार सांगतात. स्निग्ध, म्हणजे वरणभातावरचं तूप आलंच की! आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. अशा देशात मुलींचं ताट आणखी रिकामं करणं हे कसलं तप?

मी उपासाच्या विरोधात नाही. एकादशी मीही करते. उप-वास, म्हणजे जवळ राहणं. प्रश्न एवढाच आहे की त्या दिवशी आपण कोणाच्या जवळ राहतो, पांडुरंगाच्या की वजनकाट्याच्या?

आजची साधना

१. पुढच्या उपासाआधी स्वतःला विचारा: वजन एक ग्रामही कमी होणार नसेल, तरी मी हा उपास करेन का?

२. बघून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटते, अशी तीन अकाउंट आज अनफॉलो करा.

३. घरात कोणाला "जाड झालीस", "वाळलीस" म्हणू नका. "जेवलीस का?" एवढंच विचारा.

४. कोणी सतत जेवण टाळत असेल, उलट्या काढत असेल, पाळी थांबली असेल, तर नुसता जप सांगू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. माझी बहीण आता दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाते. औषधपाणी करणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

प्रार्थना

पांडुरंगा, हे शरीर तुझं घर आहे. ते झाडून-पुसून, खाऊपिऊ घालून नीट ठेवायची बुद्धी दे. पहिला घास घेताना तू आत आहेस, याची आठवण राहू दे.

उद्या श्लोक ७ पासून पुढे. राम कृष्ण हरी!