सावली आखूड असतानाचं ऊन

पाळीच्या पहिल्या दिवशी तू हॉस्टेलमध्ये गुडघे पोटाशी घेऊन पडून असतेस, हे तुझ्या आईनं सांगितलं. अगं, सोसत बसू नकोस. ‘लग्न झालं, एक बाळंतपण झालं की थांबतं,’ असं आमच्या वेळी प्रत्येकीला सांगायचे. मीही त्या वाक्यावर कितीतरी महिने काढले. पुढे नर्स झाले, तेव्हा कळलं की या दुखण्याला कारण असतं आणि उपायही असतो.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यानं गर्भाशय आवळतं, ओटीपोटात कळा येतात, मांड्या भरून येतात. ड जीवनसत्त्व या द्रव्यांना आवर घालतं. इटलीत ४० जणींवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. त्यातल्या निम्म्या जणींना पाळीच्या पाच दिवस आधी ३ लाख युनिटचा एकच डोस दिला होता; त्यांचं दुखणं बरंच उतरलं. अभ्यास लहान आहे आणि तो डोस तू मनानं घ्यायचा नाहीस. पण रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घे. आकडा २० नॅनोग्रॅमच्या खाली आला, तर कमतरता समज.

आता उन्हाचं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊनही फारसं उपयोगाचं नाही. खूण सोपी आहे: उन्हात उभी राहा आणि सावली बघ. ती तुझ्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन खरं. हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बस, डोक्यावर ओढणी घे. आमच्या आया भर दुपारी गच्चीवर कुरडया-पापड राखत बसायच्या, त्यांना हे आपसूक मिळायचं. तुझा दिवस लॅबमध्ये आणि ट्यूबलाइटखाली जातो.

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी दिली, तर ती बहुधा आठवड्यातून एकदाच असते. सायीच्या दुधातून किंवा जेवणानंतर घे. स्निग्धाबरोबर ती अंगी लागते. आमच्या वॉर्डात एक मुलगी आली होती, महिनाभर रोज एक पुडी खाल्लेली. उलट्या, सारखी तहान, रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. आठवडा हा शब्द तिच्या ध्यानातच राहिला नव्हता. म्हणून पुडीवर पेनानं वार लिहून ठेव.

ही भरपाई व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेव. डॉक्टरांनी दिलेली गोळी कळ सुरू होताच घे, असह्य होईपर्यंत थांबू नकोस. आणि उपाशीपोटी तर नाहीच.

एक मात्र नीट ऐक. दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी संपल्यावरही राहत असेल किंवा शौचाला बसताना कळ येत असेल, तर ऊन आणि पुडीवर विसंबू नकोस. तो एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार असू शकतो. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, मी सोबत येते.

रिपोर्ट आला की फोन कर, आकडा मला वाचून दाखव.