बंदुकीचा धक्का व बोटाची दुखापत

आश्विनांत भाताची लोंबी भरूं लागली म्हणजे डोंगरालगतच्या शेतांस रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. रोहें, म्हसळें, श्रीवर्धन या बाजूस ज्यांच्यापाशीं पीकसंरक्षणार्थ परवान्याची बंदूक आहे, त्यांपैकीं पुष्कळांची एकच तक्रार असते : बार काढला कीं खांदा ठणकतो व मधलें बोट सुजतें.

हा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. महसूल कचेरींत नोकरीस असतां एके रात्रीं रीतसर परवानगीनें माळ्यावरून बार काढला, आणि दुसरे दिवशीं त्या बोटानें लेखणी धरवेना. त्याहून वाईट हें कीं, पुढें चाप ओढतांना आमचे डोळे आपोआप मिटूं लागले. डोळे मिटून सुटलेला बार कोठें जाईल याचा नेम नाहीं; आणि पलीकडच्या बांधावर दुसरा राखणदार बसलेला असतो. सबब हा विषय केवळ बोटाच्या दुखण्याचा नव्हे.

धक्का कां बसतो? न्यूटन यांनीं १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें छर्रे जितक्या नेटानें पुढें जातात, तितक्याच नेटानें बंदूक मागें येते. बंदूक हलकी व काडतूस भारी असेल तर धक्का अधिक. बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांचा ठोकताळा असा कीं, बंदुकीचें वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावें. म्हणजे २८ ग्रॅम छर्ऱ्यांस सुमारें २.७ किलोची बंदूक पुरते. ३६ ग्रॅमांस जवळजवळ साडेतीन किलोची लागते. हलक्या बंदुकींत भारी काडतूस घालणें म्हणजे विकतचें दुखणें होय.

बोट कां दुखावतें? चापाभोंवतीं जें लोखंडी कडें असतें, त्याची मागली कड मधल्या बोटाच्या अगदीं पुढें येते. मूठ ढिली असली किंवा कड्यास चिकटून असली, तर बंदूक मागें येतांच ती कड बोटावर आदळते. दोन चापांच्या बंदुकींत मागला चाप ओढतांना पुढला चाप तर्जनीच्या पाठीवर बसतो, तोहि याच कारणानें.

उपाय.

१. मूठ कड्यापासून अर्धें बोट मागें घ्यावी व घट्ट धरावी. चाप तर्जनीच्या पहिल्या पेरानें ओढावा. मागला चाप ओढावयाचा असल्यास सगळी मूठ किंचित् मागें सरकवावी. नुसतें बोट वांकवूं नये.

२. दस्ता खांद्याच्या खळगींत पक्का बसवावा. दंडावर किंवा गळ्याच्या हाडावर नव्हे. गाल दस्त्यास टेकलेला असावा.

३. दस्ता आंखूड आहे कीं काय हें रिकाम्या बंदुकीनें पाहावें. ती खांद्यास लावली असतां आंगठा व नाक यांमध्यें दोन बोटें अंतर राहावें. न राहिल्यास दस्त्याच्या टोंकास रबरी गादी बसवून घ्यावी; लांबी वाढते व धक्काहि मऊ होतो.

४. कड्याच्या मागल्या बाजूस सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बसवावा. मात्र तो सरकून चापास लागणार नाहीं, याची खात्री दर वेळीं करावी.

५. उभें राहतांना डावा पाय पुढें ठेवून भार त्यावर द्यावा. माळ्यावर खांबास पाठ टेकून बार काढूं नये. शरीरास मागें सरण्यास जागा नसली कीं सर्व धक्का खांद्यावरच येतो.

६. दोन्ही चाप एकदम ओढूं नयेत. ६५ मिलिमीटरच्या घरांत ७० मिलिमीटरचें काडतूस घालूं नये. तें बसलें तरी उडतांना दाब वाढून नळीस धोका असतो.

ठासणीची बंदूक वापरणाऱ्यांनीं दारू अदमासानें न ओततां ठरलेल्या मापानेंच घालावी. काडतुसांतील बिनधुराची दारू तींत केव्हांहि घालूं नये. नळी फुटून हातच जावयाचा.

बोट सुजल्यास गार पाण्याची पट्टी ठेवावी. बोट वांकत नसेल अथवा चार दिवसांत उतार पडला नाहीं, तर हाड दुखावल्याचा संशय धरून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शेवटीं एक कचेरीची गोष्ट. बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं मिळतो, पण तेवढ्यानें जनावर मारण्याचा अधिकार येत नाहीं. त्यासाठीं १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें वनखात्याची लेखी परवानगी निराळी लागते. दोन्ही कागद घरांत असावेत, आणि मूठ कड्यापासून अर्धें बोट मागें असावी. मग राखणदारास सकाळीं विळा धरतांना बोटाची आठवण होणार नाहीं.