गावात समुपदेशक घडवायचे, तर खर्च किती?

आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. तालुक्याच्या गावी काम करणारी संस्था मग स्थानिक मुलामुलींनाच समुपदेशन शिकवायचं ठरवते आणि पैशापाशी अडते.

अभ्यासक्रम विकत घेऊ नका. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेची नैराश्यासाठीची ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ ही पुस्तिका, जागतिक आरोग्य संघटनेची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ आणि नैराश्य मोजणारी ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावली मोफत मिळतात.

पैसा लागतो तो माणसांच्या वेळेला. ‘संगत’ने मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांना तीन आठवडे वर्गात शिकवलं आणि मग सहा महिने उमेदवारी करायला लावली. रुग्णांशी झालेल्या बैठकांचं रेकॉर्डिंग दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून ऐकायचं, एकमेकांच्या कामाला गुण द्यायचे. सहा ते आठ बैठकांच्या या उपचाराने नैराश्यात चांगला फरक पडल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ साली छापलं.

आता तुमचा हिशेब. चार जणांना महिना १२,००० रुपये मानधन धरलं, तर सात महिन्यांचे ३,३६,००० होतात. देखरेखीसाठी तज्ज्ञाचे आठवड्याला दोन तास, तासाला १,००० रुपयांनी, तीस आठवडे धरले तर आणखी ६०,०००. प्रवास आणि रेकॉर्डिंगची सोय वेगळी. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण तज्ज्ञाचे तास कापू नका. कापायचंच तर हॉलचं भाडं, जेवणावळ आणि प्रमाणपत्रवाटपाचा समारंभ कापा. निधीसाठीच्या अर्जात नुसत्या तीन आठवड्यांच्या वर्गाचंच अंदाजपत्रक देणं ही सगळ्यात महागडी चूक. पुढे हात धरणारं कुणी नसलं, की शिकलेली मुलं गळतात.

‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. कुणी ‘हो’ म्हटलं, तर त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, हे पहिल्या रुग्णाआधी ठरलेलं हवं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

स्वतःच्या खिशातून फी भरून शिकणाऱ्यांनी एवढं पाहावं: काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असा बोर्ड लावता येत नाही, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. जाहिरातीत तसं आश्वासन असेल, तर ते लेखी मागा आणि मिळेपर्यंत फी भरू नका.